मधली पायरी

फळ्यावर तीन रकाने आखले होते. पहिल्याच्या डोक्यावर ‘वैशिष्ट्य’, दुसऱ्याच्या ‘फायदा’, तिसऱ्याच्या ‘मूल्य’. समोर सतरंजीवर बचत गटांतल्या तीसेक बायका बसल्या होत्या. कुणाच्या पुढ्यात लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या पापड-कुरडयांच्या पिशव्या. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही गोष्ट. लेबलवर काय काय छापावे लागते हे सांगायला मला बोलावले होते. माझी पाळी जेवणानंतर होती, म्हणून मागे बसून ऐकत होतो.

प्रशिक्षक तरुण होता आणि बोलण्यात तरबेज. पहिल्या रांगेतल्या एका ताईंची नाचणी सत्त्वाची पिशवी त्याने उचलली.

“ताई, यात काय आहे?”

“नाचणी आहे सर. मोड आणलेली.”

“हे झालं वैशिष्ट्य. गिऱ्हाईक त्याला पैसे देत नाही. मोड आणल्यानं होतं काय?”

“पचायला हलकी होते. कॅल्शियम पण असतं म्हणतात. हाडं मजबूत होतात.”

“कुणाची?”

“लहान पोरांची.”

“आणि पोराची हाडं मजबूत झाली की आईला काय वाटतं?”

ताई जरा घुटमळल्या. “बरं वाटतं.”

“नुसतं बरं नाही, ताई! आपण चांगली आई आहोत असं वाटतं!” तिसऱ्या रकान्यात त्याने मोठ्या अक्षरात लिहिले, ‘आदर्श आई’. टाळ्या पडल्या. “उद्यापासून तुम्ही नाचणी विकत नाही, हे विका,” असे म्हणून तो लोणच्याकडे वळला.

मोड आलेल्या नाचणीपासून आदर्श आईपर्यंत पोचायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. वाटेत ‘असतं म्हणतात’ हे दोन शब्द येऊन गेले, पण ते फळ्यावर कुठेच उतरले नाहीत.

त्या तरुणाची चेष्टा करायची नाही. तो जे शिकवत होता ते जगभर शिकवले जाते आणि त्याच्यामागे गंभीर अभ्यास आहे. गिऱ्हाइकाला वस्तू नको असते, तिच्यातून साधणारे काम हवे असते, हा विचार थिओडोर लेव्हिट यांनी 1960 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतल्या लेखात ठासून मांडला. आपण रेल्वे चालवतो असे अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या समजत राहिल्या, माणसांची आणि मालाची ने-आण हे आपले काम आहे हे विसरल्या आणि मागे पडल्या, हे त्यांचे गाजलेले उदाहरण. पुढे 1982 मध्ये जोनाथन गटमन यांनी साधन-साध्य साखळीची कल्पना मांडली. वस्तूचे गुण, त्या गुणांचे परिणाम आणि त्या परिणामांतून जपली जाणारी माणसाची मूल्ये, असा तो क्रम. मूल्यांची बैठक त्यांनी मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांच्या कामातून घेतली होती. हा क्रम शोधायचा कसा, याची पद्धत थॉमस रेनॉल्ड्स आणि गटमन यांनी 1988 च्या लेखात सविस्तर दिली. तिचे नावच शिडी. गिऱ्हाइकाला विचारायचे, हे तुला का महत्त्वाचे वाटते? उत्तर आले की पुन्हा, बरे, ते का? असे करत वर चढायचे.

त्या लेखातले एक उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. खारवलेल्या चिप्सबद्दल एका बाईला विचारले. तिला मसाल्याच्या चवीच्या चिप्स आवडतात. का? चव तीव्र असते. त्याने काय होते? कमी खाल्ल्या जातात. मग? वजन वाढत नाही. मग? बांधा चांगला राहतो. आणि शेवटच्या पायरीवर, स्वतःबद्दल आदर वाटतो. मसाल्याच्या चिप्सपासून स्वाभिमानापर्यंत सहा पायऱ्या. एकेक पायरी पाहिली तर पटण्यासारखी. पण पहिली आणि शेवटची जवळ आणून ठेवा. चिप्स खा, स्वाभिमान वाढेल! हसू आल्याशिवाय राहत नाही. मधली पायरी तर उघड डळमळीत आहे. तिखट चिप्सचा पुडा कमी खाल्ला जातो, हे कुणी तपासले? ज्याच्या घरात शाळकरी पोर आहे त्याला विचारा.

संशोधक मात्र चुकलेले नव्हते. ती शिडी त्या बाईच्या मनातली होती. तिला काय वाटते, तिला कशाची ओढ आहे, हे त्यातून कळत होते. चिप्समध्ये काय आहे याचा तो पुरावा नव्हता आणि तसा दावा कुणी केलाही नव्हता. शिडी ऐकण्यासाठी होती. पण बाजारात आल्यावर ती उलटी धरली गेली. गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायच्या गोष्टी विक्रेता स्वतःच ठरवू लागला आणि वरच्या पायरीवरून हाका मारू लागला. तालुक्याच्या त्या सभागृहात तरी गिऱ्हाइकाला कुणी विचारले होते? प्रश्न विक्रेत्या बाईला, उत्तरही प्रशिक्षकानेच दिलेले. जिच्यासाठी हे सारे चालले होते ती सत्त्व विकत घेणारी आई तिथे नव्हतीच.

या तीन रकान्यांमध्ये एक फरक आहे आणि तो फळ्यावर दिसत नाही. वैशिष्ट्य मोजता येते. पाकिटात किती ग्रॅम साखर, कापडात किती टक्के सूत, हे प्रयोगशाळा सांगते. फायदा कठीण असतो, पण तपासता येतो. अमुक महिने, अमुक जणांना, अमुक प्रमाणात दिले तर फरक पडला की नाही, हे कळू शकते. त्याला पैसा लागतो, वेळ लागतो आणि उत्तर आपल्या मनासारखे येईलच याची खात्री नसते. मूल्य मात्र तपासताच येत नाही. ‘हा डबा आणलात म्हणजे तुम्ही चांगली आई’ हे खरे की खोटे, हे कुठली प्रयोगशाळा सांगणार? म्हणून सगळ्यात महागडी आणि अडचणीची पायरी मधली. आणि म्हणूनच ती गाळून पहिलीवरून तिसरीवर उडी मारण्याचा मोह प्रत्येक विक्रेत्याला होतो. माझी भीती या उडीबद्दल आहे.

दुधात घालायच्या पावडरींचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक हे दोघे इंग्रज भाऊ. त्यांनी 1873 मध्ये अमेरिकेत माल्टच्या पेयाचा धंदा सुरू केला आणि 1883 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी पचायला सोपे अन्न, एवढीच त्याची मूळ ओळख. पुढे ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकात जाहिरातवाल्यांनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचे दुखणेच शोधून काढले. झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून सकाळी थकवा येतो आणि नोकरीत मागे पडायला होते, उपाय काय तर झोपण्यापूर्वी हॉर्लिक्स. तिकडे ते आजही प्रामुख्याने निजण्यापूर्वी पिण्याचे पेय आहे. आपल्याकडे तेच नाव सकाळी शाळेला निघालेल्या पोराच्या पेल्यात आले आणि उंची, ताकद, तल्लख बुद्धी यांच्याशी जोडले गेले. देशागणिक मिश्रणात थोडाफार फरक असतो हे मान्य. तरी पाया धान्य, माल्ट आणि दूध हाच. एका देशात झोप आणणारी पावडर दुसऱ्या देशात पोराला वर्गात पहिला आणते, हे पावडरीच्या अंगच्या गुणाने होत नाही. ज्या देशात ज्या गोष्टीची चिंता, तिथे शिडीचे वरचे टोक त्या चिंतेला टेकवले, इतकेच.

उंच, बळकट आणि हुशार होण्याच्या याच दाव्याची एक जाहिरात 2008 मध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने ती अडवली. ती जाहिरात मुळात बांगलादेशासाठी होती, असा खुलासा कंपनीने केला. म्हणजे एका बाजारात पुराव्यावाचून न चालणारे वाक्य दुसऱ्या बाजारात चालत होते.

आता पेल्यात काय असते ते पाहू. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण 6 ग्रॅम प्रथिने आणि 240 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दोन चमचे पावडरीतून येणारी प्रथिने त्याहून कमीच. पावडरीत जीवनसत्त्वे आणि लोह वरून घातलेले असते आणि ज्या मुलाच्या जेवणात त्यांची कमतरता आहे त्याला त्याचा उपयोग होऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही मुले पावडरीमुळेच दूध पितात, हाही खराच फायदा. पण मग जाहिरातीत तेवढेच सांगावे, ‘हिच्यामुळे तुमचे पोर दूध पिईल’. हे वाक्य आजच्या आज घरी तपासता येते. श्रेय दुधाचे, चव पावडरीची, आणि डब्यावर मात्र यशाची पताका.

बोर्नव्हिटाचे ‘तैयारी जीत की’ हे घोषवाक्य आठवा. त्या मालिकेतली एक जाहिरात पुष्कळांच्या लक्षात असेल. आई मुलाबरोबर धावते, मुद्दाम हरत नाही, आणि एक दिवस मुलगा तिला मागे टाकतो. जाहिरात म्हणून ती उत्तम आहे, माझ्याही घशात आवंढा आला होता. पुन्हा लक्ष देऊन पाहिली तेव्हा ध्यानात आले की त्यात पावडरीबद्दल खोडून काढता येईल असे एकही विधान नाही. मेहनत आईची, धावणे मुलाचे, डबा फक्त शेजारी उभा. त्याच सुमारास डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, पदार्थांचा तक्ता होताच. एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने त्यातली साखर मोठ्याने वाचून दाखवणारी चित्रफीत टाकली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती काढली, पण तोवर ती घरोघरी पोचली होती. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने वरून घातलेली साखर 100 ग्रॅममागे 37.4 ग्रॅमवरून 32.2 ग्रॅमवर आणली. 20 ग्रॅमचा एक पेला धरला तर साडेसात ग्रॅमवरून साडेसहाच्या आत. इतकी वर्षे आईच्या काळजाला हात घालणाऱ्या जाहिराती चालल्या होत्या. साखर कमी झाली ती पहिल्या रकान्यातला एक आकडा कुणीतरी वाचल्यावर.

त्यानंतर एप्रिल 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका. कारण साधे होते. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही. दोन पिढ्यांनी किराणा मालाच्या यादीत विश्वासाने लिहिलेल्या शब्दाला कायद्यात जागाच नव्हती! त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्सच्या वर्गाचे नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’ केले. या नव्या नावाचा मराठीत अर्थ काय लावायचा, हे मला अजून उमगलेले नाही.

मूल्य जितके थोर तितकी अशी उडी अधिक घातक. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली. सुरुवातीची शिडी लग्नाच्या बाजारापर्यंत जात असे. काळ बदलला, मुली नोकऱ्या करू लागल्या, तशी शिडी उचलून स्वावलंबनाला टेकवली. एका जाहिरातीत ‘मला मुलगा असता तर’ असे म्हणणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावून उजळते आणि मग नोकरी मिळवते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली आणि 2003 मध्ये ती दाखवणे थांबले. क्रीमचे नाव बदलायला 2020 साल उजाडावे लागले. मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हे मूल्य खोटे कोण म्हणेल? पण त्याच्याखाली जी पायरी होती, ‘गोरी झालीस तरच’, ती सडलेली होती. वरचे टोक चांगल्या जागी टेकले होते म्हणून खाली कुणाचे लक्ष गेले नाही.

वैशिष्ट्य, फायदा आणि मूल्य यांची सांगड घालूच नये, असे मी म्हणत नाही. ती प्रामाणिकपणे घालता येते, याचे उदाहरण आपल्याच दूरदर्शनवर होते. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या निरमाने स्वस्ताईच्या जोरावर सर्फला घाम फोडला तेव्हा 1980 च्या दशकात ॲलेक पदमसी यांच्या लिंटासने ललिताजी उभ्या केल्या. कविता चौधरी यांनी त्या साकारल्या. निळ्या काठाची साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांतला फरक ठणकावून सांगणे. त्यांचे सगळ्यात वरचे मूल्य होते शहाणपण, गृहिणीचा हिशेबीपणा. पण मध्ये एक भरभक्कम पायरी होती, अर्धा किलो सर्फ म्हणजे किलोभर स्वस्त पावडर. खरे की खोटे, ते पुढच्या धुण्याला बादलीत कळणार होते. पटले नाही तर बाई दुसऱ्या महिन्यात निरमा आणायला मोकळी होती आणि लाखो बायकांनी ती आणलीही. पटले त्यांनी सर्फ आणला. दोघींनाही फसवले गेल्याची भावना झाली नाही.

कायदा काय करतो? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख आणि पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड लावू देतो. 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर मुलांसाठीच्या जाहिरातींबद्दल स्वतंत्र कलम आहे. बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असे पुराव्यावाचून म्हणता येत नाही. पण ही सगळी कलमे दाव्याला धरतात. जिथे दावाच केलेला नाही तिथे ती काय धरणार? धावणारी आई कुठल्या कलमात बसवाल? कायदा जितका कडक होत जाईल तितक्या जाहिराती मधल्या पायरीवरून निसटून वर जातील, असे मला दिसते. वर भावना असते आणि भावनेवर दंड नाही.

तोट्याची बाजू विक्रेत्याच्या ध्यानात येत नाही म्हणून सांगतो. वरच्या पायरीवर गर्दी फार असते. आईची माया पावडरवाल्यालाही हवी, साबणवाल्यालाही, विमावाल्यालाही आणि क्लासवाल्यालाही. तिथे गेल्यावर तुमचा माल आणि दुसऱ्याचा माल यांतला फरक पुसला जातो, उरतो तो आवाज. आणि आवाज ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा मोठा. बचत गटातल्या बाईने कोट्यवधींची जाहिरात करणाऱ्या कंपनीशी ‘आदर्श आई’वर झुंजायचे, म्हणजे तिच्या हातातली एकमेव तलवार आधीच खाली ठेवायला लावणे. माझी नाचणी कुठल्या शेतातली, मोड किती तास आणले, कधी दळली, हे ती सांगू शकते आणि कंपनी सांगू शकत नाही. आता तर मोबाइलवर एक ओळ टाकली की यंत्र क्षणात दहा भावुक घोषवाक्ये लिहून देते. ज्याला काडीची किंमत पडत नाही त्याच्यावर धंदा उभारायचा, हा हिशेब मला कळत नाही.

जेवणानंतर माझे बोलणे संपल्यावर त्या ताई पिशवी घेऊन आल्या. “सर, कॅल्शियमचं लिहायचं का मग? यूट्यूबवर 344 म्हणतात.”

आकडा हवेतला नव्हता. जुन्या भारतीय आहार तक्त्यात नाचणीच्या 100 ग्रॅममागे 344 मिलीग्रॅम कॅल्शियम दिले आहे, 2017 च्या नव्या तक्त्यात 364. पण तो अख्ख्या दाण्याचा आकडा. मी विचारले, “ताई, दळल्यावर चाळता का?”

“चाळते कसली, वस्त्रगाळ करते. मलमलच्या फडक्यातून. नाहीतर पोरांच्या घशात कोंडा लागतो.”

नाचणीतले कॅल्शियम बरेचसे दाण्याच्या सालीत असते. फडक्यावर जो कोंडा राहतो त्याच्याबरोबर ते जाते. किती जाते, हे त्यांचे सत्त्व तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि समजा सगळे राहिले, तरी एका वेळच्या खिरीत सत्त्व पडते दोन चमचे, 10 ग्रॅम. म्हणजे 35 मिलीग्रॅम. खीर पेलाभर दुधात केली तर त्याच्या जवळजवळ सातपट दुधातून येते. हे सांगताना मलाच वाईट वाटत होते, कारण त्यांचा चेहरा पडला.

“मग ह्याचा काहीच उपयोग नाही म्हणता?”

“असं कुठं? पचायला हलकं आहे, घरचं आहे, त्यात साखर घातलेली नाही. तेवढं खरं आहे ना?”

“ते आहे.” थोडा वेळ त्या पिशवीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरंच झालं. ते आदर्श आईचं मला लिहायचंच नव्हतं. आमच्या गल्लीत एक जण कामाला जाते, तिला खीर करायला वेळ नसतो. ती काय वाईट आई आहे?”

पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा नवे लेबल दाखवले. नाचणी सत्त्व, 200 ग्रॅम, मोड आणून वस्त्रगाळ केलेले, साखर नाही, दळल्याची तारीख आणि शिजवायची कृती. कॅल्शियमची तपासणी करून घ्यायची तर प्रयोगशाळेची फी पडते. गटाच्या पुढच्या बैठकीत तो विषय ठेवला आहे. तोवर वहीतल्या तक्त्यात मधला रकाना त्यांनी कोरा ठेवलाय.